विश्लेषण : जमीन लेकींची, परदेशवाट मुलांची... मिनांगकाबाउ गावांची शतकांची रीत आज अडचणीत का?

इंडोनेशियातील पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ भागात अशी शेकडो गावे आहेत, जिथे वडिलोपार्जित शेत आणि घर आईकडून लेकीकडे जाते. मुलगा वयात आला की गाव सोडून नशीब आजमावायला बाहेर पडतो. गावातील समाज कट्टर म्हणावा इतका धार्मिक आहे आणि धर्म इस्लाम. जमीन स्त्रियांकडे आणि प्रवास पुरुषांकडे, ही विभागणी शेकडो वर्षे टिकली. आता जमिनीच्या सरकारी नोंदी, शहरांकडील ओढा आणि वाटण्यांचे वाद यांमुळे तिची कसोटी लागली आहे. 

ही गावे कोठे आहेत? 

सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पडांग हे पश्चिम सुमात्रा प्रांताच्या राजधानीचे शहर आहे. तिथून घाट चढून वर गेले की मरापी, सिंगालांग आणि सागो या पर्वतांच्या कुशीत मिनांगकाबाउ लोकांचा मूळ मुलूख लागतो. तनाह दातार, आगाम आणि लिमापुलुह कोटा हे त्याचे तीन परंपरागत भाग. इथल्या गावाला ‘नगारी’ म्हणतात. आपल्या ‘नगरी’शी त्याचे नाते उघड आहे. मात्र ही नगारी म्हणजे शहर नव्हे. भातखाचरे, नारळ, दालचिनीची झाडे, मशीद, बाजाराची जागा आणि काही वाड्या मिळून एक नगारी होते. वाडीला ‘जोरोंग’ असा शब्द आहे. 

मरापीच्या उतारावरील पारियांगान हे यांतले सर्वात मानाचे गाव. मिनांगकाबाउ दंतकथांनुसार समाजाचे पूर्वज प्रथम इथेच वसले. गावात गरम पाण्याचे झरे आहेत. एका अमेरिकी प्रवास मासिकाने २०१२मध्ये जगातील सर्वात देखण्या गावांच्या यादीत त्याचा समावेश केला, तेव्हापासून पर्यटकही येऊ लागले. पण पर्यटक ज्या घरांची छायाचित्रे काढतात, त्या घरांचा मालक कोण, हे विचारले तर उत्तरात एका व्यक्तीचे नाव येत नाही. 

घर आणि शेत नेमके कोणाचे? 

मिनांगकाबाउ समाजात मूल आईच्या कुळाचे असते. कुळाला ‘सुकू’ म्हणतात आणि एकाच सुकूत लग्न करणे रूढीला मान्य नाही. आपल्याकडच्या सगोत्र विवाहाच्या बंदीसारखेच, फक्त इथे गोत्र आईकडून येते. एका आजीपासून निघालेल्या माणसांचा गट म्हणजे ‘काउम’. वडिलोपार्जित जमीन या गटाची असते. 

मालमत्तेचे दोन प्रकार आहेत. पिढ्यानपिढ्या चालत आलेली ती ‘पुसाको तिंगी’ म्हणजे उंच वारसा. भातखाचरे, घराची जागा आणि मोठे घर त्यात येतात. ती वाटता येत नाही आणि विकूही नये, असा दंडक आहे. गटातील स्त्रियांना तिचा वापर करण्याचा हक्क असतो. कोणते खाचर कोणत्या बहिणीने कसायचे, हे ठरलेले असते आणि पुढे ते तिच्या मुलींकडे जाते. नवरा-बायकोने स्वतः कमावलेली मालमत्ता ती ‘पुसाको रंदाह’ म्हणजे खालचा वारसा. ती मुलगे आणि मुली दोघांनाही देता येते. 

या व्यवस्थेला सरसकट ‘स्त्रीसत्ता’ म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. जमीन स्त्रियांच्या वंशातून वाहते, पण तिची देखरेख ‘मामक’ करतो. मामक म्हणजे आईचा भाऊ. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. भाचे-भाच्यांचे शिक्षण, लग्न, भांडणतंटे यांत वडिलांइतकाच, कित्येकदा जास्त, शब्द मामाचा चालतो. गटाच्या प्रमुखाला ‘दातुक’ ही पदवी मिळते आणि तो पुरुषच असतो. घरातील ज्येष्ठ स्त्रीला ‘बुंदो कांदुआंग’ म्हणतात. तिच्या संमतीशिवाय जमिनीचा व्यवहार होऊ नये, अशी अपेक्षा असते. म्हणजे मालकी बहिणीच्या वंशाची, सही भावाची, असा हा तोल आहे. 

जावई मात्र पाहुणाच. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, पण त्या घरच्या जमिनीवर त्याचा हक्क नसतो. त्याची जबाबदारी स्वतःच्या आईच्या घरी, बहिणीच्या मुलांकडे असते. जुन्या काळी तो दिवसा बहिणीच्या शेतात आणि रात्री बायकोच्या घरी असे. 

मोठ्या घराची रचना कशी असते? 

‘रुमाह गदांग’ म्हणजे मोठे घर. त्याचे छप्पर दोन्ही टोकांना म्हशीच्या शिंगांसारखे वर गेलेले असते. शेजारच्या बलाढ्य सैन्याशी लढण्याऐवजी रेड्यांची झुंज लावून हे लोक जिंकले आणि त्यावरून ‘मिनांगकाबाउ’ हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. समोर लांब दिवाणखाना आणि मागे ओळीने खोल्या. या खोल्या विवाहित मुलींसाठी असतात. मुलींची संख्या वाढली की घर वाढवतात. अंगणात भाताची कोठारे असतात, त्यांना ‘रांगकियांग’ म्हणतात. 

या घरात मुलग्याची खोली नसते. पूर्वी सहा-सात वर्षांचा झाला की मुलगा रात्री ‘सुराउ’त झोपायला जाई. सुराउ म्हणजे छोटे प्रार्थनाघर. तिथे कुराणपठण, हिशेब, रूढींचे ज्ञान आणि ‘सिलेक’ नावाची लढाईची कला शिकवली जाई. आता शाळा आल्या आणि मुले घरीच झोपतात. पण आईच्या घरात आपली कायमची खोली नाही, ही जाणीव मुलग्यांच्या मनात लहानपणीच रुजे. गाव सोडण्याची तयारी तिथूनच सुरू होई. 

गावातील रोजचा दिवस आजही पाण्याभोवती फिरतो. डोंगरावरून आलेले पाणी खाचराखाचरांतून उतरते. आठवड्यातून ठरावीक दिवशी बाजार भरतो आणि शेजारच्या नगाऱ्यांचे बाजाराचे दिवस वेगवेगळे असतात. पुरुष ‘लपाउ’ नावाच्या चहा-कॉफीच्या टपरीवर गप्पांना बसतात. तनाह दातारमध्ये कॉफीच्या भाजलेल्या पानांचा काढा पितात. डच अमलात कॉफीची सक्तीची लागवड झाली, बिया सरकारजमा होत आणि शेतकऱ्याकडे पाने उरत, त्या काळाशी या पेयाचे नाते जोडले जाते. भातकापणीनंतर चिखलात बैलांच्या शर्यती होतात. सांगलीच्या किंवा पुण्याच्या शर्यतशौकिनांना त्या परक्या वाटणार नाहीत, पण इथे दोन बैलांच्या मागे लाकडी चौकटीवर उभा राहिलेला जॉकी शेपट्या धरून पाणथळ खाचरातून सुटतो. 

पुरुष गाव का सोडतात? 

या गाव सोडण्याला ‘मरांताउ’ म्हणतात. ‘रांताउ’ म्हणजे मूळ मुलखाबाहेरचा प्रदेश. मुलग्याने बाहेर जावे, कमवावे, शिकावे आणि शहाणा होऊन परतावे, ही अपेक्षा आहे. गावात त्याच्या नावावर जमीन नाही. त्यामुळे थांबण्याचे कारण कमी आणि निघण्याचे जास्त. शिवाय तो गेला तरी शेत पडीक राहत नाही, कारण ते बहिणींकडे असते. वारशाची ही पद्धत आणि स्थलांतराची परंपरा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. 

त्याचे परिणाम इंडोनेशियाच्या इतिहासात दिसतात. देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा, पहिले पंतप्रधान सुतान शहरीर, क्रांतिकारक तान मलाका आणि लेखक-धर्मपंडित हमका हे सगळे याच छोट्या मुलखातले. मलेशियातील नेगेरी सेंबिलान हे राज्य मिनांगकाबाउ स्थलांतरितांनी वसवले आणि तिथे आजही मातृवंशीय रूढीचा अंश टिकून आहे. पडांगचा पदार्थ विकणारी ‘रुमाह माकान पडांग’ ही खाणावळ इंडोनेशियात जवळपास प्रत्येक शहरात सापडते. टेबलावर एकदम दहा-पंधरा वाट्या मांडायच्या आणि गिऱ्हाईक जेवढे खाईल तेवढ्याचे पैसे घ्यायचे, ही तिची पद्धत. दिवसेंदिवस टिकणारे मसालेदार रेंदांग हे तर प्रवासाला निघालेल्या माणसासाठीच घडलेले मांस. 

२०१०च्या जनगणनेत इंडोनेशियात मिनांगकाबाउंची संख्या सुमारे ६४ लाख होती. त्यांतले जवळपास एक तृतीयांश पश्चिम सुमात्राबाहेर राहत होते. १९५८मध्ये पडांगमधून केंद्र सरकारविरुद्ध बंड झाले. ते मोडल्यानंतर हजारो कुटुंबे जाकार्ता आणि इतर शहरांकडे गेली. आधी एकटा पुरुष जाई, तेव्हापासून कुटुंबच्या कुटुंब जाऊ लागले. आज शिक्षण आणि नोकरीसाठी मुलीही तितक्याच सहज बाहेर पडतात. 

गावी परतायचे कसे? 

पडांगजवळील मिनांगकाबाउ विमानतळ २००५मध्ये सुरू झाला आणि जाकार्ता दोन तासांच्या आत आली. त्याआधी आणि अजूनही अनेकांसाठी मार्ग आहे तो बसचा. सुमात्राच्या लांबीभर प्रवास, मग सुंदा सामुद्रधुनीत फेरीबोट आणि पुढे जावा. रस्त्याने हा प्रवास एका दिवसात संपत नाही. पडांगहून डोंगरात जाणारा मुख्य रस्ता अनाई दरीतून, धबधब्याच्या अगदी कडेने चढतो. पुढे पडांग पांजांग येथून बातुसांगकारकडे वळले की वाटेत पारियांगानचा फाटा लागतो. शेवटचा टप्पा छोट्या प्रवासी गाडीने किंवा ‘ओजेक’ म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलने. 

ईदला हा रस्ता माणसांनी भरून जातो. एका नगारीतील परगावी राहणारे लोक ठरवून एकत्र गावी येतात, त्याला ‘पुलांग बासामो’ म्हणतात. मशिदीची दुरुस्ती, रस्ता, शाळा यांसाठी पैसे त्या वेळी जमतात. कोकणातल्या गावाला गणपतीत चाकरमानी आल्यावर जी गजबज होते, तिची आठवण व्हावी असेच हे दृश्य. 

पण निसर्गाशीही गाठ असते. मरापी जागा ज्वालामुखी आहे. ३ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या उद्रेकात २४ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. ११ मे २०२४च्या मुसळधार पावसात उतारावर साचलेली राख आणि दगड पुरासोबत खाली आले. आगाम, तनाह दातार आणि आसपासच्या भागांत मिळून ६०हून अधिक माणसे गेली आणि अनाई दरीतील रस्ता वाहून गेला. तो बंद असताना लांबच्या घाटवाटांनी फिरून जावे लागले. 

इस्लामी वारसा कायद्याशी मेळ कसा बसतो? 

इस्लामी वारसा नियमांत मुलगा आणि मुलगी दोघेही वारस आहेत आणि मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट असतो. मिनांगकाबाउ रीत याच्या उलट. हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्केहून परतलेल्या सुधारकांनी रूढींविरुद्ध मोहीम उघडली. ती ‘पादेरी’ युद्धात बदलली. रूढीवादी सरदारांच्या बाजूने डच उतरले आणि १८३७मध्ये इमाम बोंजोल यांचा पाडाव होऊन डच अंमल पक्का झाला. पुढे मक्केतील मशिदीत इमाम असलेले मिनांगकाबाउ पंडित अहमद खतीब यांनी मातृवंशीय वारशावर कडाडून टीका केली. 

शेवटी तडजोड निघाली. १९५२मध्ये बुकितिंगी येथे रूढीचे प्रमुख, धर्मपंडित आणि सुशिक्षित यांची बैठक झाली. स्वकमाईची मालमत्ता इस्लामी नियमांनी वाटावी आणि वडिलोपार्जित ‘उंच वारसा’ रूढीप्रमाणे गटाकडेच राहावा, असे ठरले. वडिलोपार्जित जमीन कोणा एका व्यक्तीची नाहीच, मग ती मृताची मालमत्ता म्हणून वाटायची कशी, हा त्यामागचा युक्तिवाद. 

सरकारी कायदा काय सांगतो? 

डचांनी १८७०मध्ये, मालकी सिद्ध न झालेली जमीन सरकारची, असे जाहीर केले होते. स्वतंत्र इंडोनेशियाने १९६०च्या मूलभूत जमीन कायद्याने ते रद्द केले आणि राष्ट्रहिताच्या मर्यादेत समाजांच्या सामूहिक जमिनीचा हक्क मान्य केला. पूर्ण मालकी म्हणजे ‘हाक मिलिक’ फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला वारशाने किंवा लग्नामुळे अशी जमीन मिळाली तरी एका वर्षात ती सोडावी लागते. त्यामुळे डोंगरातले सुंदर घर पाहून ते विकत घेण्याचे स्वप्न परदेशी पर्यटकाने पाहिले तरी मालकी हक्क मिळणार नाही. फार तर मुदतीचा वापर-हक्क किंवा भाडेपट्टा. आणि मिनांगकाबाउ गावात तर दुसऱ्या कुळाच्या इंडोनेशियन माणसालाही वडिलोपार्जित खाचर विकत घेणे रूढीने अवघड आहे. 

जमिनीइतकाच गावाचाही प्रश्न होता. १९७९च्या कायद्याने सुहार्तो सरकारने देशभरातील गावांना एकच साचा दिला. नगाऱ्या मोडून वाड्यांची वेगळी गावे करण्यात आली. सामूहिक जमीन मात्र जुन्या नगारीची होती. त्यामुळे कारभार एकीकडे आणि जमीन दुसरीकडे अशी अवस्था झाली. सुहार्तो गेल्यावर विकेंद्रीकरण झाले आणि २०००मध्ये पश्चिम सुमात्राने नगारी परत आणली. २०१४च्या ग्राम कायद्याने पारंपरिक गावाला देशपातळीवर मान्यता दिली. २०१३मध्ये घटनात्मक न्यायालयाने पारंपरिक समाजांची वने ही सरकारी वने नाहीत, असा महत्त्वाचा निकाल दिला. 

मग अडचण कोठे आहे? 

पहिली अडचण गहाणाची. रूढीनुसार वडिलोपार्जित जमीन विकता येत नाही, पण चार कारणांसाठी गहाण ठेवता येते. घरात मृतदेह आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, वयात आलेल्या मुलीचे लग्न अडले आहे, मोठे घर गळते आहे किंवा गटाच्या प्रमुखाची पदवी रिकामी पडली आहे. आज मात्र शिक्षणाचे शुल्क, दुकानाचे भांडवल, आजारपण अशा कारणांनीही जमीन गहाण पडते. गहाणाची रक्कम अनेकदा सोन्यात ठरते. सोने महागले की ती सोडवणे आणखी कठीण. १९६०च्याच एका कायद्यानुसार सात वर्षे किंवा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन पैसे न घेता परत द्यावी लागते. रूढी सांगते, घेतलेले सोने परत केल्याशिवाय जमीन परत नाही. या दोन नियमांत सापडलेल्या घरांत पिढ्यानपिढ्या वाद चालतात. 

दुसरी अडचण कागदाची. सरकारने २०१७पासून देशभर जमिनींच्या पद्धतशीर नोंदणीची मोहीम वेगाने राबवली. प्रमाणपत्र असले तर बँक कर्ज देते आणि सीमेचे वाद कमी होतात. पण कागदावर नाव कोणाचे लिहायचे? मामाचे लिहिले आणि मामा वारला तर कायद्याने त्याचे वारस त्याची मुले. ती मुले मात्र दुसऱ्या कुळाची, म्हणजे त्यांच्या आईच्या कुळाची. ज्या जमिनीवर भाच्यांचा हक्क होता, ती कागदोपत्री परक्या कुळात जाऊ शकते. यावर उपाय म्हणून संपूर्ण गटाच्या किंवा नगारीच्या नावाने नोंद करण्याचा मार्ग आहे. पण त्यासाठी गटातील सर्वांची संमती लागते. त्यांतला एक जाकार्तात, एक मलेशियात आणि एकाचा पत्ताच नाही, अशी अनेक घरांची स्थिती आहे. ज्या प्रवासाने व्यवस्था टिकवली, तोच आता सह्या गोळा करताना आडवा येतो. 

तिसरी अडचण घरांची. परगावी स्थिरावलेल्या कुटुंबात मुली शहरात वाढतात. तिथे घर नवरा-बायकोचे, मुले आई-वडिलांची आणि मामा फक्त सणासुदीला भेटणारा. गावातील मोठ्या घरात एखादी वृद्ध मावशी उरते किंवा कुलूप. छपरासाठी पूर्वी वापरत ते पाम झाडाचे काळे तंतू महाग आणि कारागीर कमी. त्यामुळे पत्रा येतो आणि कित्येक घरे हळूहळू खचतात. 

भारतातील अनुभव काय सांगतो? 

मातृवंशीय वारसा आपल्याला अनोळखी नाही. मेघालयात खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. केरळमध्ये नायर समाजाची ‘मरुमक्कत्तायम’ पद्धत मिनांगकाबाउ रीतीच्या खूप जवळची होती. मोठे एकत्र घर, बहिणींचा वंश आणि कारभारी मामा. तिथे विसाव्या शतकात एकामागून एक कायदे झाले, व्यक्तीला वाटणी मागण्याचा हक्क मिळाला आणि १९७५च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच संपवली. मोठी घरे वाटली गेली, विकली गेली. वाटणीमुळे अनेक तरुणांना आणि स्त्रियांना मामाच्या मर्जीतून सुटका मिळाली, हेही खरे. इंडोनेशियाने कायद्याने ही पद्धत मोडली नाही. म्हणून ती टिकली. पण कायद्याने न मोडलेली गोष्ट बाजार आणि नोंदवही हळूहळू मोडू शकते. 

पुढे काय? 

पश्चिम सुमात्रात आज दोन मते आहेत. सामूहिक मालकीमुळे जमीन अडकून पडते, कर्ज मिळत नाही, गुंतवणूक येत नाही, असे एका बाजूचे म्हणणे. ही जमीन म्हणजे अडचणीच्या काळचा आधार आहे, असे दुसरी बाजू मानते. घटस्फोट झालेली मुलगी, विधवा बहीण, शहरात धंदा बुडालेला भाऊ, यांना परतायला जागा असते ती या न विकलेल्या खाचरामुळे. नवऱ्याने सोडले तरी बाई बेघर होत नाही, कारण घर तिच्या आईचे आहे. घर सोडून जायचे असेल तर ते नवऱ्याला. 

यातून वाट निघायची तर ती गटाच्या नावाने नोंद, सर्व स्त्री-सदस्यांची नावे कागदावर आणि परगावी असलेल्यांची संमती घेण्याची सोपी पद्धत अशा कोरड्या तपशिलांतून निघेल. रूढीचे गोडवे गाऊन किंवा तिला जुनाट ठरवून नाही. पारियांगानच्या वाटेवर ईदला येणारा प्रत्येक जण एका गोष्टीवर भिस्त ठेवून येतो, की गावात कोणीतरी बहीण आहे आणि तिचे दार उघडे आहे. जमीन गेली तर ते दार राहील का, हा आज तिथल्या अनेक घरांपुढचा प्रश्न आहे.